तिसफ्योर्ड: पाण्यातून रेघ ओढून संपवलेली एक कम्यून

उत्तरायण

नॉर्वेवर इथे धागे येतात ते एकतर नॉर्दर्न लाइट्सचे नाहीतर पगार-टॅक्सचे, म्हणून म्हटलं जरा वेगळं काहीतरी लिहावं. मी राहते त्रोन्हेममध्ये, पण गेले काही महिने डोक्यात बसलंय ते इथून बरंच वर, नूरलान प्रांतात असलेलं तिसफ्योर्ड. म्हणजे फ्योर्ड (डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्राचा लांब फाटा) अजून आहे, कुठे जातोय, पण त्या नावाची कम्यून ३१ डिसेंबर २०१९ ला रात्री संपली.

आधी कम्यून म्हणजे काय ते सांगते. आपली ग्रामपंचायत, नगरपालिका आणि अर्धी जिल्हा परिषद एकाच ऑफिसात बसवली तर जे होईल ते. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, फॅमिली डॉक्टर, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, बांधकाम परवाने सगळं तिच्याकडे. १८३७ च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली, बहुतेक ठिकाणी चर्चची जी परगण्यासारखी हद्द होती तीच उचलून कम्यून केली. तिसफ्योर्ड तेव्हा लॉडिंगेनमध्ये होतं. आता नकाशा उघडून बघा, लॉडिंगेन आहे समोरच्या बेटावर, मध्ये मोकळं समुद्राचं पाणी, आणि १९ व्या शतकात तिथल्या माणसाला सभेला, चर्चला, कोर्टकचेरीला जायचं म्हणजे होडीच. त्यामुळे १८६९ मध्ये तिसफ्योर्ड वेगळी कम्यून झाली यात नवल काही नाही.

क्षेत्रफळ १४६४ चौ.किमी., म्हणजे गोव्याच्या साधारण ४० टक्के, आणि शेवटी शेवटी लोकसंख्या जेमतेम २०००. त्यातलाही बहुतेक भाग उघडा ग्रॅनाइट, बर्फ आणि पाणी. मूळ फ्योर्ड जवळजवळ ९०० मीटर खोल, आणि त्याला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटलेत, हेल्लेमोफ्योर्ड, मानफ्योर्ड, स्टेफ्योर्ड वगैरे. हेल्लेमोफ्योर्डच्या टोकाला हेल्लेमोबोत्न म्हणून जागा आहे तिथून स्वीडनची सीमा ६.३ किमी. नॉर्वे देश इथे सगळ्यात अरुंद आहे. एवढा लांबलचक देश आणि इथे सकाळी निघालेला माणूस जेवायला स्वीडनमध्ये (चढ आहे बरं का, अगदीच फिरायला गेल्यासारखं नाही).

ही अरुंद पट्टी महत्त्वाची का, तर लुले सामी लोक. सामी म्हणजे इथल्या उत्तरेचे मूळनिवासी, आणि लुले सामी हा त्यांच्यातला स्वतःची भाषा असलेला एक गट. स्वीडनच्या बाजूला योकमोकचा डोंगराळ भाग आणि नॉर्वेच्या बाजूला हे फ्योर्ड, हा त्यांचा एकच मुलूख. रेनडिअर घेऊन उन्हाळ्यात किनाऱ्याकडे, हिवाळ्यात आत जंगलात. १७५१ मध्ये दोन राज्यांनी सीमा आखली तेव्हा तहाला एक पुरवणी जोडली होती, त्यात सामींना रेनडिअरसकट सीमा ओलांडायचा हक्क लिहून दिलाय. पुढे त्यांच्यातले बरेच फ्योर्डच्या आतल्या टोकांना कायमचे वसले, मासेमारी, चार बकऱ्या-गायी, थोडं गवत असं करून. म्हणजे तिसफ्योर्डचा आतला भाग सामी आणि बाहेरच्या तोंडाकडचा भाग नॉर्वेजियन असं ढोबळ चित्र, अर्थात लग्नं-बिग्नं होऊन मिसळलेले लोक भरपूर.

मग २० व्या शतकात आला सिमेंटचा कारखाना. शॉप्सविकला चुनखडी सापडली, १९१८ मध्ये कंपनी निघाली आणि १९२० च्या सुमारास उत्पादन सुरू झालं. जगातला सगळ्यात उत्तरेचा सिमेंट कारखाना म्हणतात त्याला, अजून चालू आहे. शॉप्सविक कम्यूनचं मुख्य गाव झालं, कारखान्याचं गाव, नॉर्वेजियन बोलणारं, कामगार पक्षाचं. आणि पाण्यापलीकडे द्राग, जिथे सामींचं प्रमाण जास्त. दोन्ही एकाच कम्यूनमध्ये पण मध्ये फेरी.

सामींच्या बाबतीत सरकारचं धोरण अनेक पिढ्या एकच, त्यांना नॉर्वेजियन करून टाकायचं. शाळेत सामी बोलायचं नाही, लहान पोरांना घरापासून लांब वसतिगृहात ठेवायचं. परिणाम असा की युद्धानंतर वाढलेल्या बऱ्याच लोकांनी स्वतःच्या मुलांशी घरात भाषा बोलणंच सोडलं. लुले सामीला लेखनाचे अधिकृत नियम मिळाले १९८३ मध्ये! १९९४ ला द्रागला आर्रान हे लुले सामी केंद्र उघडलं, म्युझियम, भाषेचं काम, बालवाडी वगैरे. आणि २००६ मध्ये तिसफ्योर्ड सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात आलं, म्हणजे नागरिकाने सामीत अर्ज केला तर कम्यूनने सामीत उत्तर द्यायचं. लुले सामी भाषेसाठी असं करणारी ही पहिलीच कम्यून, दिव्तासवुओद्ना हे सामी नावही पाट्यांवर आलं.

आणि बरोबर ११ वर्षांनी, ८ जून २०१७ ला, संसदेने ठरवलं की ही कम्यून मोडायची. नुसती शेजारच्या कम्यूनला जोडायची नाही, मधोमध चिरायची. पूर्वेची बाजू शॉप्सविकसकट नार्विकला, पश्चिमेची बाजू द्राग, मुस्केन, हेल्लेमोबोत्नसकट हामारॉयला. १ जानेवारी २०२० पासून अंमल.

माझं म्हणणं एवढंच की ज्यांच्या मते फ्योर्ड म्हणजे अडथळा त्यांना ही रेघ बरोबर वाटते, आणि ज्यांचा फ्योर्ड हाच रस्ता होता त्यांच्या घराच्या मधून ती गेली. तुम्हाला काय वाटतं?

---

शंकासूर

लेख मस्त पण तै एक सांगा, २००० डोक्यांना स्वतंत्र पालिका हवीच कशाला? आमच्या सोसायटीत तेवढे फ्लॅट आहेत आणि सेक्रेटरी एकटा सांभाळतो (सांभाळत नाही ती गोष्ट वेगळी).

---

उत्तरायण

@शंकासूर, हाच प्रश्न इथलं सरकारही विचारत होतं 😀 नॉर्वेत १९३० मध्ये ७४७ कम्यून होत्या. युद्धानंतर कम्यून एकत्र करायला शाय कमिटी बसली आणि १९६७ पर्यंत त्या ४५४ वर आल्या. मग बरीच वर्षं फारसं कोणी हात लावला नाही. २०१४ मध्ये पंतप्रधान अर्ना सूलबर्गच्या सरकारने परत रिफॉर्म काढला आणि २०२० ला आकडा ३५६ झाला. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हो. लहान कम्यूनला बालसंरक्षणासाठी तज्ज्ञ मिळत नाहीत, मानसोपचारवाला टिकत नाही, म्हातारे वाढतायत, तरुण बोडो नाहीतर ओस्लोला. माझं भांडण एकत्र करण्याशी नाहीये, चिरण्याशी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी दोन-तीन कम्यून अख्ख्या जोडल्या. इथे एक अख्खी कम्यून दोन तुकडे करून दोघांना वाटली.

---

मृदुला_न

पण रस्त्यांचा विचार केला तर नार्विक लॉजिकल आहे ना? नकाशात शॉप्सविकहून नार्विकला सरळ रस्ता दिसतोय आणि द्रागला जायला बोट.

---

उत्तरायण

हो, आता दिसतोय. तो रस्ता १९९० च्या दशकातला, डोंगरांच्या पोटातून बोगदे काढून केलेला. त्याआधी शॉप्सविकचा माणूस कुठेही जायचा तर पाण्यावरूनच, मग त्याला द्राग काय नि नार्विक काय. म्हणजे असं झालं की रस्ता झाला, लोक दवाखाना-खरेदीला नार्विककडे वळले, आणि पंचवीस वर्षांनी सरकार म्हणालं बघा हे तर नार्विककडेच झुकलेत. पश्चिमेच्या लोकांना तर अजूनही फेरीच. आणि E6, म्हणजे आख्ख्या नॉर्वेचा मुख्य हायवे, त्याच्यावरची एकमेव उरलेली फेरी कुठे आहे माहितीय? बोग्नेस ते स्कारबर्गेत. तीही तिसफ्योर्डमध्येच, आणि आता तिचं एक टोक हामारॉयमध्ये नि दुसरं नार्विकमध्ये.

---

गडवाट

धाग्यावर आलो कारण तिसफ्योर्ड म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवते, स्टेटिन!! १३९२ मीटर, समुद्रातून थेट उठलेला ग्रॅनाइटचा सुळका, वरती सपाट कापल्यासारखा. उंची ऐकून कोणी हसू नका, कळसूबाई १६४६ आहे हे मलाही माहितीय, पण कळसूबाईला शिड्या आहेत आणि इथे पायथ्यापासूनच मोजायला सुरुवात, समुद्रसपाटी ती तिथेच. २००२ मध्ये रेडिओवरच्या श्रोत्यांच्या मतदानात हा नॉर्वेचा राष्ट्रीय डोंगर ठरला.

१८८८ मध्ये जर्मन गिर्यारोहक पॉल ग्युसफेल्ट आला आणि मागे फिरला. नंतर स्लिंग्सबी, ज्याला नॉर्वेजियन गिर्यारोहणाचा बाप म्हणतात, तोही हरला आणि म्हणाला की मी पाहिलेला सगळ्यात कुरूप डोंगर हाच. (हातातून निसटलेला प्रत्येक कडा कुरूपच असतो, आमच्या ग्रुपमध्ये पण हीच पद्धत आहे.) शेवटी १९१० मध्ये तिघे चढले, शेल्डेरुप, ब्रून आणि कार्ल विल्हेल्म रुबेन्सन. शिखराच्या आधी एक चौकोनी दगड आडवा येतो, त्याला तिथे तपकिरी चीजचं नाव दिलंय, खाली शेकडो मीटर काही नाही आणि तिथेच सगळे अडायचे.

आता भारताचा भाग ऐका. हा रुबेन्सन १९०७ मध्ये मोनराड-आस नावाच्या दुसऱ्या नॉर्वेजियन माणसाबरोबर सिक्कीममध्ये काब्रूवर गेला होता. ७३०० मीटरच्या वरचं शिखर! दोघांनाही तेव्हा धड अनुभव नव्हता, आणि तरी माथ्याच्या खाली ३० मीटरच्या आसपास पोचले, वारा आणि थंडीने मागे फिरवलं. काब्रूवर कोणीतरी पोचायला १९३५ उजाडलं, सी. आर. कुक. शेर्पांबद्दल रुबेन्सनने फार कौतुकाने लिहिलंय आणि त्या काळात गोऱ्या माणसाने तसं लिहिणं कॉमन नव्हतं. काब्रूवर हुकलेला माणूस तीन वर्षांनी तिसफ्योर्डमध्ये जिंकला.

---

चहाबाज

@गडवाट भारी! आणि अर्ने नेस पण स्टेटिनचाच ना? तो डीप इकॉलॉजीवाला (निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मोल आहे म्हणणारा) तत्त्वज्ञ. गांधीजींवर त्याने आयुष्यभर काम केलंय, अहिंसक आंदोलनाचे नियम तर्कशास्त्रासारखे मांडायचा प्रयत्न केला. आणि धरणाच्या विरोधात स्वतःला खडकाला साखळीने बांधून घेतलं होतं ते पण गांधींचं वाचूनच.

---

गडवाट

हो नेस तिथे चढलाय, साठच्या दशकात पश्चिमेची भिंत. पाकिस्तानातल्या हिंदुकुशमधल्या तिरिच मीर शिखराच्या मोहिमेचा (१९५०) लीडर पण तोच.

---

फॅबमधला

माझा एक वेगळाच अँगल. मी सेमीकंडक्टरमध्ये आहे, आमच्याकडे द्रागचं नाव रोजचं. चिप किंवा सोलर सेलसाठी सिलिकॉन वितळवतात ते ज्या क्रूसिबलमध्ये (म्हणजे मुशीत), ते क्वार्ट्झचं असतं आणि ते क्वार्ट्झ प्रचंड शुद्ध लागतं, जरा अशुद्धी राहिली की क्रिस्टल गेला. जगात असं क्वार्ट्झ मुख्यतः एका जागी मिळतं, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधलं स्प्रूस पाइन. आणि तिथे खणणारी एक कंपनी आपला माल जहाजाने अटलांटिक ओलांडून आणते आणि फायनल शुद्धीकरण करते कुठे, तर द्रागला! २०२४ ला हेलीन वादळाने स्प्रूस पाइनमध्ये पूर आला तेव्हा आमच्या इथे सगळ्यांची झोप उडाली होती. म्हणजे ज्या गावाला धड पालिका राहिली नाही त्याच्यावर तुमच्या फोनची चिप लटकलीय.

---

शंकासूर

ओके हे माहिती नव्हतं. मग टॅक्स कोणाला जातो, हामारॉयला? म्हणजे हामारॉयची चांदी आणि नार्विकला सिमेंट. वाटणी तर बरोबर झाली की, एका भावाला एक कारखाना 😜

---

उत्तरायण

हाहा, इतकं सरळ नाही. कंपन्यांचा इन्कम टॅक्स इथे केंद्राकडे जातो, कम्यूनला लोकांच्या टॅक्समधला हिस्सा, प्रॉपर्टी टॅक्स आणि केंद्राचं अनुदान. पण नोकऱ्या राहतात, ते महत्त्वाचं.

---

मृदुला_न

मी ऑर्का व्हेलसाठी तिसफ्योर्डचं नाव ऐकलं होतं, जुन्या डॉक्युमेंटरीमध्ये. अजून दिसतात का?

---

उत्तरायण

तेव्हासारख्या नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी अति मासेमारीने हेरिंग ही मासळी जवळजवळ संपली होती. मग हळूहळू सावरली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हिवाळ्यात ते सगळे थवे तिसफ्योर्ड आणि ओफोतफ्योर्डमध्ये येऊन राहायला लागले. मागोमाग ऑर्का. त्या हेरिंगच्या थव्याला घेरून गोळा करतात, पांढरं पोट दाखवून घाबरवतात आणि शेपटीचा फटका मारून गार करतात, मग एकेक उचलतात. शास्त्रज्ञ आले, टुरिस्ट आले, स्टूरयूर्डला हॉटेल-सफारी जोरात. मग २००० च्या दशकात हेरिंगने हिवाळ्याची जागा बदलली, आधी बाहेर समुद्रात आणि पुढे अजून उत्तरेला त्रोम्सोच्या बाजूला. ऑर्का गेल्या, बोटी पण गेल्या.

राहिला तो लॉबस्टर. जगात सगळ्यात उत्तरेला लॉबस्टर जिथे टिकून आहे त्यातलं हे पाणी. कम्यूनच्या चिन्हावर पण लॉबस्टरच होता. ते चिन्ह आता कोणाचंच नाही.

---

रेघोट्या

सगळे छान छान लिहितायत म्हणून मुद्दाम विचारते, तिसफ्योर्ड म्हटलं की नॉर्वेत पहिलं ते २०१६ चं प्रकरण आठवतं ना लोकांना? त्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

---

उत्तरायण

@रेघोट्या, बरोबर आहे, व्हेल आणि लॉबस्टरच्या मध्ये कुठे लिहावं कळेना म्हणून वेगळं ठेवलं होतं. आता लिहिते.

जून २०१६ मध्ये व्हेगे या वर्तमानपत्रात ११ जणांनी, बायका आणि पुरुष दोन्ही, नाव-चेहऱ्यासकट सांगितलं की लहानपणी किंवा नंतर त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले आणि मदत मागूनही मिळाली नाही. पोलिसांनी मग सगळं उघडून पाहिलं. नोव्हेंबर २०१७ च्या त्यांच्या अहवालात १५१ प्रकरणं, ८२ पीडित, सगळ्यात जुनं १९५० च्या दशकातलं. बऱ्याच प्रकरणांची कायद्याची मुदत उलटून गेली होती. नूरलानच्या पोलीस प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

यातले बरेच जण सामी समाजातले, लेस्ताडियन या कडक ख्रिस्ती पंथाच्या घरातले. त्यावरून दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "त्यांच्यातच आहे हे", जे सरळसरळ वंशवादी आहे, कारण असं घडणारं हे काही एकटं ठिकाण नाही. दुसरं, त्याबद्दल बोलूच नका, समाजाची बदनामी होते. आणि पीडित या दोघांच्या मध्ये अडकलेले. ज्या लोकांना वसतिगृह, शाळा, साहेब या सगळ्यांकडून पिढ्यानपिढ्या अपमानच मिळाला ते त्याच साहेबाकडे तक्रार घेऊन जाणार कसे? आणि गेले तर समोरच्याला त्यांची भाषा येत नाही, किंवा येते तर तो नात्यातला निघतो.

आणि वेळ बघा. अहवाल नोव्हेंबर २०१७ चा, कम्यून मोडायचा निर्णय त्याच वर्षी जूनमध्ये झालेला. म्हणजे ज्या कम्यूनने आता हे सगळं निस्तरायचं होतं, मानसोपचार, बालसंरक्षण, विश्वास परत मिळवणं, तिच्या हातात उरली दोन वर्षं, आणि त्या दोन वर्षांत तिचे कर्मचारी स्वतःच्या नोकऱ्या नार्विकला जातायत की हामारॉयला या चिंतेत.

---

रेघोट्या

धन्यवाद. पण हाच मुद्दा उलटा पण लावता येतो ना. लहान कम्यून होती, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, म्हणूनच दाबलं गेलं. मोठ्या कम्यूनमध्ये निदान समोरचा अधिकारी तुमचा आतेभाऊ नसेल.

---

उत्तरायण

हे मला मान्य आहे, आणि रिफॉर्मच्या बाजूने मला पटलेला हा एकच मुद्दा. पण मग अख्खं तिसफ्योर्ड एकत्र हामारॉयला जोडलं असतं तरी तेच साधलं असतं. किंवा अख्खं नार्विकला.

---

चहाबाज

सामी लोकांचं काय म्हणणं होतं?

---

उत्तरायण

जे वाचलं त्यातून मुख्य काळजी ही की लुले सामी आधीच मूठभर, त्यात भाषेच्या हक्काचं क्षेत्र या एका कम्यूनवर उभं. चिरल्यावर ते काम आलं हामारॉयकडे, तिचं पण सामी नाव आता अधिकृत आहे, हाब्मेर. आर्रान द्रागला असल्यामुळे ते हामारॉयमध्ये गेलं. पण पूर्वेच्या बाजूला राहणारा लुले सामी आता २१ हजारांच्या नार्विकमधला एक, आणि नार्विकच्या आसपास सामी म्हणजे मुख्यतः उत्तर सामी, ती वेगळी भाषा. मराठीवाल्याला कोकणीत फॉर्म दिल्यासारखं समजा, थोडं कळतं पण आपलं नाही.

मुस्केन तर अजून वेगळं. फ्योर्डच्या आत, रस्ता नाही, बोटीनेच जायचं, मोजकी घरं, आणि लुले सामी तिथे रोजच्या बोलण्यात टिकली. ती नशिबाने हामारॉयच्या बाजूला आली.

---

गडवाट

हेल्लेमोबोत्नवरून युद्धात लोक स्वीडनला पळायचे ना? वाचल्यासारखं वाटतंय.

---

उत्तरायण

हो. १९४० ते ४५ जर्मनांचा कब्जा, आणि ही देशाची सगळ्यात अरुंद पट्टी. प्रतिकार चळवळीतली माणसं, पळालेले युद्धकैदी, बाकीचे निर्वासित फ्योर्डने आत यायचे आणि पुढे डोंगरातून वाट दाखवायला सामी वाटाडे. वाटा त्यांच्या पायाखालच्या, रेनडिअरच्या. पकडलं तर छळछावणी किंवा गोळी. आणि युद्ध संपल्यावर याच माणसांच्या पोरांना शाळेत सामी बोलू देत नव्हते. त्यांच्या कामाची जाहीर कदर व्हायला कित्येक दशकं गेली. अशा लोकांना जबरदस्तीने नॉर्वेजियन करण्याच्या धोरणाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल जून २०२३ ला आला, आणि नोव्हेंबर २०२४ ला संसदेने सामी, आणि फिनिश मुळाचे क्वेन आणि वनफिन, या लोकांची माफी मागितली.

---

शंकासूर

माफी मागणारी संसद तीच ना जिने २०१७ ला रेघ ओढली? 🤔

---

उत्तरायण

सभागृह तेच, मधे दोन निवडणुका झाल्या.

---

मृदुला_न

मग परत जोडता येणार नाही का? बातमीत वाचलं होतं की काही कम्यून परत वेगळ्या झाल्या.

---

उत्तरायण

झाली, पण एकच, २०२४ पासून. हारामने ऑलेसुंदपासून काडीमोड घेतला, त्यामुळे आकडा ३५६ चा ३५७ झाला. पण हाराम अख्खी आत गेली होती, अख्खी बाहेर आली. तिसफ्योर्डला परत व्हायचं तर नार्विकने एक तुकडा सोडायला हवा, हामारॉयने दुसरा, आणि दोन्ही तुकड्यांतल्या लोकांना एकमेकांबरोबर राहायचं हवं. शॉप्सविकवाल्यांना ते हवंय का, मला शंकाच आहे. नार्विकचा रस्ता त्यांच्या अंगवळणी पडलाय, पोरं तिथे कॉलेजला जातात.

@गडवाट, तुम्ही व्यनित विचारलं होतं ते इथेच सांगते, सगळ्यांना उपयोगी. स्टेटिनसाठी शॉप्सविकच्या बाजूच्या रस्त्यानेच यायचं, बोगद्याजवळ स्टेफ्योर्डला गाडी लावतात आणि वाट तिथूनच सुरू होते. शेवटच्या टप्प्याला दोर आणि गाइड हवाच, तो दगड अजून तिथेच आहे. पत्ता मात्र आता नार्विक कम्यून.